दोन प्रयोगशाळा, एकच मोजमाप हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्ध डॉक्टर आणि पशुवैद्य यांनी मिळून काम करावे, याबद्दल आता दुमत उरलेले नाही. घोडे अडते ते प्रयोगशाळेत. अहवालावर 'संवेदनशील' (औषध लागू पडते) किंवा 'प्रतिरोधी' (पडत नाही) एवढाच शेरा असतो. ज्या सीमारेषेच्या आकड्यावर तो ठरतो, तो माणसांसाठी एक आणि जनावरांसाठी बहुधा दुसरा; नियमावली बदलली की तोही बदलतो. म्हणून दोन्हीकडचे तक्ते शेजारी ठेवूनही काही हाती लागत नाही. शेऱ्यासोबत तपासणीत मिळालेला मूळ आकडा, म्हणजे जंतूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा, लिहिलीच पाहिजे.

कोलिस्टिन या, शेवटचा पर्याय म्हणून वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाच्या बाबतीत तर चूक जिवावर बेतू शकते. त्याचा रेणू मोठा असल्याने तो डिस्कमधून (औषध लावलेल्या कागदी चकतीतून) अगारमध्ये, म्हणजे जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरात, नीट पसरत नाही. जंतू प्रतिरोधी असला तरी डिस्कभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ दिसू शकते आणि औषध लागू पडेल असे वाटते. ही तपासणी जंतू वाढवण्याच्या द्रव माध्यमात, औषधाची मात्रा दर खळग्यात निम्मी करत नेऊनच करावी. जंतूला या औषधाविरुद्ध प्रतिरोध देणारे एमसीआर-१ जनुक चीनमधील संशोधकांनी 2015 मध्ये जाहीर केले. डुकरे, मांस आणि रुग्ण या तिन्हींचे जंतू एकत्र तपासले, म्हणून त्याचा पसारा दिसला. हे जनुक प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतील डीएनएच्या सुट्या, लहान कड्यावर असते, त्यामुळे एका जंतूतून दुसऱ्यात सहज जाते.

सुरुवातीला एकच जंतू घ्यावा. ई. कोलाय सोयीचा, कारण तो माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत आणि सांडपाण्यातही सापडतो. प्रत्येक नमुना साध्या आणि सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक मिसळलेल्या अशा दोन्ही माध्यमांवर लावावा, म्हणजे प्रतिरोधी जंतूंचे प्रमाण कळते. डेन्मार्कमध्ये जनावरे, अन्न आणि माणसे यांची अशी एकत्र नोंद 1995 पासून होते आहे.

एक गैरसमजही दूर व्हायला हवा. औषध दिल्यावर ठरावीक दिवस दूध वा मांस न विकण्याचा नियम औषधाच्या अंशापुरता आहे. अंश संपला तरी प्रतिरोधी जंतू शेणातून बाहेर पडतच राहू शकतात.

शेवटची विनंती प्रयोगशाळांना: अहवाल गेला की जंतू फेकून देऊ नका. ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंश सेल्सियसला ते वर्षानुवर्षे टिकतात. रुग्णालयात नवा प्रतिरोध दिसला, तर गोठ्यातल्या जुन्या जंतूशी त्याची जनुके ताडून पाहता येतील.

आपला विश्वासू,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ