आठ, आठ, साडेआठ, आठ

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, त्याची सबब सांगत बसत नाही. प्रकृती ठीक, चष्म्याचा नंबर वाढलाय, संपलं. परवा आपल्या पुस्तक-फेरीतलं, विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ सहा हातांतून फिरून परत आलं. वाचणाऱ्यांनी शेरा आणि गुण लिहायची सोबतची वही उघडली आणि तुझ्याखेरीज कुणाला लिहावं ते सुचेना.

वहीतलं जसंच्या तसं उतरवतो. ‘छान. ८.’ ‘मनाला भिडणारी. ८.’ ‘भाषा सुंदर. ८.’ ‘अप्रतिम, नक्की वाचा. ९.’ ‘छोटी पण छान. ८.’ प्रूफवाल्याने ‘वाचनीय’ लिहून साडेआठ दिलेत. अर्धा गुण बहुधा शुद्धलेखनाचा. सहा माणसं, अठरा आठवडे आणि एकूण बारा शब्द. हे १९३९ सालच्या त्या कादंबरीबद्दल, जिच्यात युद्धाच्या तोंडावर यूरोपातून निघालेली बोट आहे, जर्मनीतून जीव वाचवून निघालेली ज्यू माणसं आहेत, हेर्टा आहे. आणि गोष्ट सांगणारा चक्रधर आहे, ज्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही यावरून तू आणि मी किती शाई आणि किती घसा खर्च केला! सहांपैकी एकालाही तो खटकला नाही. आवडलाही नाही. ८.

आता मुद्द्याचं कबूल करतो, म्हणजे तुला पुढचं पत्र शांतपणे वाचता येईल. गुणांचा रकाना माझा होता. तू तेव्हाच म्हणाला होतास, ‘हेडमास्तर, रकाना आखलास की माणसं रकाना भरतील, कादंबरीबद्दल बोलणार नाहीत.’ मी म्हणालो होतो, शिस्त लागते. शिस्त लागली. फार चांगली लागली.

दोन दिवस त्या वहीकडे बघून माझ्या जे लक्षात आलं ते तुला पटतंय का बघ. आकडा लिहिला की बोलण्याची गरज संपते, हे एक. दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर आपण मोठ्या अक्षरात लिहितो की पुस्तक कुणाचं. मग वाचणारा कादंबरीबद्दल लिहीत नाही, पुस्तकाच्या मालकाला लिहितो. वहिनींच्या आवडत्या कादंबरीला कंटाळवाणी म्हणायची कुणाची छाती आहे? म्हणून आठ. सात दिले तर राग येईल, नऊ दिले तर खोटं वाटेल. आठ हा सभ्य माणसाचा आकडा आहे.

तेव्हा पुढच्या फेरीपासून मालकाचं नाव वहीत नाही. पुस्तकं एकाकडे जमा करायची, त्याने साधं खाकी वेष्टण घालून पुढं धाडायची. सहा जणांत कुणाचं कुठलं हे ओळखता येतं म्हणशील. दोन-तीन ओळखता येतील, सगळी नाही; आणि शंका असली तरी माणूस मोकळं लिहितो.

रकाने काढून टाकले. त्याऐवजी उजव्या पानावर चारच गोष्टी: कुठल्या तारखेला सुरू केलं, कुठं अडलो, एक वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं, आणि हे पुस्तक कुणाला देऊ नये. शेवटचा प्रश्न मुद्दाम उलटा ठेवलाय. ‘कुणाला द्यावं’ विचारलं की सगळे लिहितात, सर्वांना. ‘कुणाला देऊ नये’ म्हटलं की डोकं चालवावं लागतं, आणि त्या उत्तरातून कादंबरी नेमकी कशी आहे ते कळतं. डावं पान कोरं. ते पुढच्या वाचणाऱ्यांनी आधीच्याशी भांडायला. वहीत भांडायला जागाच नसेल तर भांडण होणार कसं? आपण दोघं समासात भांडायचो म्हणून आपली पुस्तकं तशी झाली. (माझी प्रत अजून तशीच आहे. तुझं ‘साफ चूक!!’ पेनाने लिहिलेलं आहे, पलीकडच्या पानावर उमटलंय. पेन्सिल वापर म्हणून किती वेळा सांगितलं. मऊ, बी किंवा टू-बी. कडक एच पेन्सिलची अक्षरं खोडली तरी कागदावर चर राहतो.)

पान क्रमांकाबरोबर आवृत्ती लिहायची हेही ठरवून टाकू. गेल्या फेरीत ‘पान ८७ वरचं बघा’ असं एकाने लिहिलं होतं, आणि दुसरा स्वतःच्या घरच्या प्रतीत ८७ वर भलतंच वाचून चिडला. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर पानं सहसा तीच राहतात. नवी आवृत्ती नव्याने जुळवलेली असेल तर दहा-पंधरा पानांचा फरक सहज पडतो. सगळ्यात बरं म्हणजे प्रकरणाचा आकडा आणि परिच्छेदाचे पहिले दोन शब्द लिहायचे.

आणि आता तुझं पन्नासावं पान. तू म्हणाला होतास, पन्नासाव्या पानावर थांबायचं, पुस्तक मिटायचं, आणि पुढं काय होईल असं वाटतं ते वहीत लिहायचं. मी तो प्रस्ताव ‘पोरकट’ म्हणून उडवला होता. तो शब्द मागे. विचार केला तेव्हा कळलं की शेवट फोडण्याच्या आपल्या जुन्या भांडणावरही तोच उपाय आहे. अंदाज लिहिणाऱ्याला शेवट ठाऊकच नसतो, तो फोडणार काय! उलट सहा जणांचे सहा अंदाज एकाखाली एक आले की कुणी कसं वाचलं ते उघडं पडतं. ज्याला लग्नाची वाट बघायची सवय आहे तो लग्न लिहितो. ज्याने चक्रधरावर विश्वास ठेवला त्याचा अंदाज वेगळा, न ठेवणाऱ्याचा वेगळा. चुकलेला अंदाज तर सोनंच, कारण लेखकाने आपल्याला कुठं चकवलं ते त्यात कळतं. अंदाजाचं पान मधोमध आत दुमडायचं, म्हणजे पुढच्याने आपला लिहिण्याआधी वाचू नये. टाचणी किंवा पिन लावायची नाही. गंजते आणि कागदावर तपकिरी डाग पडतो. छोट्या कादंबरीत पन्नासावं पान फार उशिरा येतं, म्हणून नियम पानांचा नको, पाव पुस्तकाचा करू. बोलताना उघड किती सांगायचं त्यालाही तीच हद्द, पहिल्या पाव भागात जे घडतं तेवढंच. त्यापुढचं दुमडलेल्या पानात.

अपवाद आहे, तू तो काढणारच, म्हणून मीच काढतो. ‘ययाति’. गोष्ट महाभारतातली, घरोघरी ठाऊक. तिथं शेवट लपवून काय करायचंय? खांडेकरांनी ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापल्या तोंडाने सांगायला लावली, म्हणजे तिथं प्रश्न ‘पुढं काय’ असा नाही, ‘आता कोण बोलतंय आणि काय गाळतंय’ असा आहे. तिथं अंदाज गोष्टीचा नको, माणसाचा हवा: देवयानी स्वतःची चूक कबूल करील का?

फिरवण्याचं गणित तेच ठेवतोय. सहा माणसं, सहा पुस्तकं, एकवीस दिवस, एकाच दिशेने. दिशा मोडली की एकाकडे तीन पुस्तकं साचतात आणि दुसरा रिकामा बसतो. तारीख आली की वाचून झालं असो वा नसो, पुस्तक पुढं जायचं. वहीत ‘पान अमुकवर सोडलं’ एवढं लिहायचं. हे लिहायला लोक लाजतात. वास्तविक कुठं सोडलं ही वहीतली सगळ्यात उपयोगी नोंद. एकाने सोडलं तर त्याचा कंटाळा, पण तिघांनी एकाच प्रकरणाच्या आसपास सोडलं तर त्या प्रकरणात काहीतरी आहे. दिवसाला पंचवीस पानं धरली तर एकवीस दिवसांत सव्वापाचशे होतात, म्हणून त्याहून जाड कादंबरी फेरीत घ्यायची नाही. आपल्या ‘मोठ्या’ने गेल्या खेपेला साडेसातशे पानांची घुसवली आणि पुढचे चार जण मागे पडले, आठवतंय ना.

जाड कादंबऱ्यांची तोड मला वेगळीच सापडली. सध्या ‘पण लक्षात कोण घेतो’ पुन्हा वाचतोय. ही हरिभाऊंनी ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः छापली. सलग वाचायला बसलो की यमूचं तेच तेच ऐकतोय असं वाटतं आणि माणूस शंभराव्या पानावर ठेवून देतो. हप्त्याने वाचली की तीच पुनरुक्ती आठवण करून दिल्यासारखी वाटते, कारण ती आठवडाभर थांबलेल्या वाचकासाठीच होती. म्हणून ही फेरीत नको. ज्याने त्याने आपापली प्रत घ्यावी, आठवड्याला ठरवून दोन प्रकरणं वाचावीत, आणि मधे कुणी पुढं पळायचं नाही. तू पळशील. तुला मी ओळखतो.

दाढीवाल्याने विचारलंय, ‘कोसला’ कुणीच का पुरी करत नाही. तीनदा दिली, तीनदा परत. मी त्याला म्हटलं, तू देताना बोलतोस फार. ‘१९६३ नंतर मराठी कादंबरीच बदलली’ असं ऐकून घेतलेलं पुस्तक माणूस परीक्षेसारखं वाचतो. देताना दोन वाक्यं पुरेत: कोण बोलतंय आणि कुठलं. तिसरं वाक्य सावधगिरीचं. प्रत्येक कादंबरीची सावधगिरी वेगळी असते आणि देणाऱ्याला माहीत हवी ती तेवढीच. ‘कोसला’साठी: पहिली दहा पानं मोठ्याने वाच. ते ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ डोळ्याला अडतात, कानाला लगेच कळतात. सांगवीकर हसतोय की रडतोय ते आवाजातच आहे. मग मनीचा, त्याच्या बहिणीचा, भाग येईपर्यंत कुणी हलत नाही. ‘सात सक्कं त्रेचाळीस’साठी: काळाचा क्रम लावत बसू नकोस, कुशंकच्या मागे जा. ‘बनगरवाडी’साठी: नायक-नायिका शोधू नकोस, वाडीकडे बघ. हे न सांगता दिली की ‘गोष्टच नाही’ असा शेरा हमखास येतो.

आणि कुठली कुणाला, हे ठरवायचं तर आवडतं पुस्तक विचारायचंच नाही. त्यावर लोक शोभेसं उत्तर देतात. ‘शेवटचं पुरं केलेलं कुठलं?’ विचारायचं. तिथं खरं बाहेर येतं. मग, वाचतोस कधी? दहा-दहा मिनिटांत वाचणाऱ्याला छोट्या प्रकरणांचं द्यावं. रात्री झोपताना वाचणाऱ्याला बोलीभाषेतलं दाट पुस्तक देऊन उपयोग नाही, तो एकच पान आठवडाभर वाचतो.

पुस्तकं मोडतात त्याबद्दल एकच. जुजबंदी शिवण असलेली, म्हणजे पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवलेली, टिकतात. नुसत्या गोंदावर चिकटवलेली आडवी दाबून उघडली की कणा तडकतो आणि मधली पानं गळतात. नवी प्रत आली की कणा टेबलावर टेकवून आधी दोन्ही पुठ्ठे खाली सोडायचे, मग पुढून चार पानं, मागून चार पानं, असं हळूहळू मध्यापर्यंत. सुटलेल्या पानाला सेलोटेप नको. पिवळी पडते आणि चिकटा कागदात उतरतो. हे वहीच्या पुठ्ठ्यावर आत लिहून ठेवलंय. कुणी वाचणार नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? मुलीचा निकाल? गुडघ्याला पट्टा बांधतोस का, की नुसता विकत घेऊन ठेवलाय? सगळं एका कार्डावर कळव.

‘रणांगण’ बाराव्या तारखेला तुझ्याकडे निघतंय, वेष्टण घालून, वहीसकट. सहाही आकड्यांवर मी कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आहे. पहिलं डावं पान तुझं. चक्रधराबद्दल लिही, माझ्याविरुद्ध लिही, पण पानभर लिही. पुढच्या पाच जणांना बघू दे की डावं पान कशासाठी असतं.

तुझा,
हेडमास्तर

ता. क. प्रूफवाल्याला तू जिन्यात हेर्टाचं जे सांगून टाकलं होतंस ते तो विसरलाय, त्याच्या साडेआठवरून दिसतंच आहे. पुन्हा सांगू नकोस.