बोनमॅरो प्रत्यारोपण झालेल्या मुलांच्या डोळ्यांविषयी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

रक्ताचा कर्करोग किंवा थॅलॅसेमिया झालेली रत्नागिरी-सिंधुदुर्गातील मुले मूळपेशी प्रत्यारोपणासाठी, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘बोनमॅरो’साठी, मुंबई किंवा खारघर गाठतात आणि त्यांतली अनेक बरी होऊन पुन्हा शाळेत येतात. त्यांच्या रक्ताच्या तपासण्या पालक चुकवत नाहीत. डोळ्यांची तपासणीही तितकीच आवश्यक आहे, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

प्रत्यारोपणापूर्वी काही मुलांच्या संपूर्ण शरीराला रेडिएशन द्यावे लागते, नंतर अनेकांना दीर्घकाळ स्टेरॉइड घ्यावी लागतात, आणि या दोहोंमुळे पुढे कित्येक वर्षांनीही मोतीबिंदू होऊ शकतो. दात्याच्या पेशी मुलाच्या शरीराला परके समजून अश्रुग्रंथींवर हल्ला करतात तेव्हा डोळे कोरडे पडून चुरचुरतात आणि उपचार न झाल्यास बुबुळाला इजा होते. भिंगाच्या मागच्या बाजूस धरणारा मोतीबिंदू प्रखर उजेडात अधिक जाचतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या उन्हात दिपणारे मूल वर्गाच्या सावलीत नजर तपासण्याच्या तक्त्यावरची अक्षरे बिनचूक वाचून दाखवू शकते.

दृश्य आकलनाकडे, म्हणजे दिसलेल्याचा मेंदू अर्थ कसा लावतो याकडे, तर याहूनही कमी लक्ष जाते. लहान वयात रेडिएशन मिळालेल्या काही मुलांची नजर ठीक असते, परंतु दिसलेले जुळवून हाताने उतरवणे त्यांना जड जाते. प्राथमिक शिक्षिकेला हे वहीत दिसते: आकृतीचे प्रमाण बिघडते, उभ्या मांडणीत एकक दशकाखाली जाते. ‘आजारपणात अभ्यास बुडाला’ असे आपण म्हणतो; ते अंशतः खरेही असते, आणि म्हणूनच दुसरे कारण शोधले जात नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याअंतर्गत तपासणीसाठी शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाने प्रत्यारोपण झालेल्या मुलाची वेगळी नोंद करावी आणि तक्त्यावर न थांबता त्याला जिल्हा रुग्णालयात स्लिट लॅम्प (डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणारे यंत्र) व अश्रूंच्या तपासणीसाठी दरवर्षी पाठवावे, तसेच दृश्य आकलनाची चाचणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढीतील अडचणी तपासणाऱ्या केंद्रात) करून तिचा अहवाल शाळेला मिळावा, अशी माझी विनंती आहे. अशी मुले थोडी असल्याने खर्चाची अडचण मला फारशी पटत नाही. घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदांत डोळ्यांच्या पुढील तपासणीची तारीख मराठीत लिहिलेली असावी, आणि ती तपासणी जिल्ह्यातच व्हावी. केवळ डोळे दाखवण्यासाठी मजुरी बुडवून मुंबईची गाडी धरणे आमच्या पालकांना परवडत नाही.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, दापोली तालुका