पोरं मावशीजवळच राहू देत

आष्टी, जि. बीड

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

आईवडील गेल्यावर मावशीकडे राहणाऱ्या तुझ्या वर्गातल्या त्या दोघा भावंडांना बालगृहात टाक म्हणून भावकी मावशीच्या मागे लागलीय, हे वाचून लगेच लिहायला बसले. मावशीला आधी धीर दे. नुसत्या गरिबीपायी पोरांना घरापासून तोडायचं काहीएक कारण नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच म्हटलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. जीव लावणारं माणूस घरात आहे ना? मग कमी आहे ती पैशाची आणि कागदांची.

बालसंगोपन योजनेतून एका मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात; २०२३ पर्यंत ते १,१०० च होते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व, म्हणजे मुलाच्या खर्चाला मिळणारी मदत, महिना ४,००० ची आहे. खेड्यात त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ७२,००० च्या आत लागतं, आणि नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं त्यात बसतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी कर. गृहचौकशी होते, मग बालकल्याण समितीचा आदेश.

खरी दमछाक कागदांत होते गं. आमच्याकडच्या एका आजीचा मुलगा ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेला आणि तिकडेच वारला. मृत्यूची नोंद मरण येतं त्या गावात होते. सून दुसरं लग्न करून गेलेली. मग दाखल्यासाठी या म्हातारीने एवढ्या लांब जायचं कसं आणि कुणाच्या जिवावर? फोन करकरून, ओळखी काढून तो मिळवला. पुढे अर्जासाठी घरासमोर मुलांसोबत फोटो हवा होता. नाती तेल लावून, रिबिनी बांधून तयार, पण आजी दाराआडून बाहेरच येईना. "माझं काय ठिवलंय फोटूत? पोरींचा काढा." म्हटलं, "आजी, पालक तुम्हीच आहात." तेव्हा कुठे डोक्यावर पदर घेऊन, दोघींचे हात घट्ट धरून उभी राहिली.

अनुदान वेळेवर येईलच असं नाही, म्हणून पोरांची नावं आधी मावशीच्या रेशनकार्डावर चढवायला घ्या. जुन्या कार्डावरून कमी करावी लागतील. आणि तुझ्या हातातलं एक काम सांगते. पालकसभेला तिला मानाने बोलव, सही तिचीच घे. धाकटा रात्री अंथरूण ओलं करतो असं तू लिहिलंस. त्यावरून त्याला कुणी रागावू नये, हे मावशीला आणि तिच्या सासूला तूच समजावून सांग. शाळेतल्या बाईंचं घरात ऐकतात. स्वतःची दोन पोरं, त्यात ही दोन, वर धुण्याभांड्याची कामं. त्या बाईला विचारणारं कुणीतरी हवंच.

दोघांचे बोनाफाईड दाखले काढून ठेव आणि आईवडिलांचे मृत्यूचे दाखले कुठे मिळतील ते मावशीला विचार. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला मी तिच्याबरोबर येईन. वार तेवढा कळव.

तुझी,
विमल