सूर लागेपर्यंत टॉर्च धरून उभ्या राहिलेल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,

शि. सा. न. वि. वि.

तुमच्या खोलीत रेकॉर्ड केलेला आमच्या थ्रॅश (मेटलचा अतिवेगवान प्रकार) बँडचा अल्बम आला. ८ गाणी, ३१ मिनिटं. परवा मध्यरात्री तो सगळीकडे ऐकायला खुला झाला आणि तेव्हापासून जो भेटतो तो एकच विचारतो: गिटार इतकी जड असूनही इतकी स्वच्छ कशी वाजते? त्याचं उत्तर तुम्ही आहात. स्वतःहून तुम्ही हे कुणाला सांगणार नाही, म्हणून चारचौघांत लिहितोय.

याच गाण्यांचे पैसे आम्ही आधी एकदा दुसरीकडे भरले होते. त्या स्टुडिओचं नाव इथे नको. तिथलं एक वाक्य मात्र लिहायलाच हवं, म्हणजे पहिल्यांदा रेकॉर्डिंगला निघालेली पोरं ते ऐकताच सावध होतील. ते वाक्य: ‘मिक्समध्ये बघू’, म्हणजे सगळे ट्रॅक नंतर एकत्र जुळवताना बघू. स्नेअर ड्रमचा सूर उतरलाय? मिक्समध्ये बघू. दोन गिटारी एकमेकींना खातायत? मिक्समध्ये बघू. शेवटी मिक्समध्ये बघायची वेळ आली तेव्हा उत्तर मिळालं, ‘वाजवलंयच असं, आता काय करणार?’ सुटे ट्रॅक मागितले तर तेही मिळाले नाहीत. हातात आली ती फक्त एक एमपीथ्री.

मिक्समध्ये आवाज चढवता-उतरवता येतो, धार कमी-जास्त करता येते, नको तो भाग कापता येतो. पण डिस्टॉर्शनमधून (गिटारचा आवाज मुद्दाम फाडून जड करणाऱ्या परिणामातून) गेलेल्या कॉर्डमधल्या दोन तारा पुन्हा सुट्या करता येत नाहीत. फोडणी जळल्यावर वरून कितीही कोथिंबीर भुरभुरली तरी भाजी जळकीच लागते, तसंच हे.

तुमची सगळी हयात अभंग, भावगीतं आणि नाट्यपदं रेकॉर्ड करण्यात गेली. त्यामुळे पेठेतल्या तुमच्या खोलीत ड्रमसेट आणि मार्शल कंपनीचा स्पीकर कॅबिनेट चढवताना आम्हालाच संकोच वाटत होता. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, ‘तुमची पट्टी कुठली?’ आम्ही म्हणालो, ई. ‘म्हणजे पांढरी तीन,’ असं म्हणून तुम्ही टेबलावरचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा पांढरी तीनवर लावलात. मग गिटारच्या चार कॉर्ड ऐकल्यात, हेडफोन काढून ठेवलात आणि रेकॉर्डचं बटण दाबलंच नाहीत. ‘मोकळ्या तारेवर सा बरोबर आहे. वरच्या पडद्यांवर गेलं की चढतंय. आधी सूर लावून घ्या.’

थ्रॅश वाजवणाऱ्यांना हे समजावं म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम, बस्स. सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झची, तिच्यावरचा पंचम साधारण १२३.५ हर्ट्झचा. हे दोन स्वर डिस्टॉर्शनमधून एकत्र गेले की त्यांच्या फरकाएवढा तिसरा स्वर तयार होतो, ४१ हर्ट्झच्या आसपास. तो त्याच षड्जाचा खालच्या सप्तकातला भाऊ. कॉर्डचं बरंचसं वजन त्याच्यामुळे जाणवतं. आता पंचम १० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढला, तर हा खालचा स्वर जवळजवळ ३० सेंट सरकतो. साध्या, स्वच्छ आवाजात जी चूक कुणाच्या कानाला टोचणार नाही, तीच डिस्टॉर्शनमध्ये तिप्पट होऊन गढूळपणा आणते. मग आवाज लेचापेचा वाटतो म्हणून लोक गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) वाढवतात, आणि गढूळपणा आणखी वाढतो.

आमच्या गिटारचं दुखणं पावसाळी होतं. दमट हवेत लाकूड ओलावा धरतं, नेकला, म्हणजे गिटारच्या दांडीला, बाक येतो, तारा फ्रेटपासून (पडद्यापासून) वर उचलल्या जातात. तार दाबायला जास्त अंतर पडलं की ती जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. यावर इलाज असा: आधी ट्रस रॉडनं (नेकमधल्या धातूच्या सळईनं) नेकचा बाक काढायचा, नव्या तारा चढवून त्या ताणून बसू द्यायच्या, मगच सॅडलला, म्हणजे ब्रिजवर तार जिथे टेकते त्या तुकड्याला, हात लावायचा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर ताडून बघायचा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे घ्यायचं, म्हणजे तारेची लांबी वाढते. उतरलेला असेल तर नेकच्या दिशेनं पुढे सरकवायचं. साध्या ब्रिजवर हे स्क्रू-ड्रायव्हरचं पाच-दहा मिनिटांचं काम. आमच्या फ्लॉइड रोझवर, म्हणजे स्प्रिंगांवर तोललेल्या हलत्या ब्रिजवर, मात्र प्रत्येक वेळी तार सैल करा, अ‍ॅलन-कीनं स्क्रू ढिला करा, सॅडल केसभर हलवा, घट्ट करा, पुन्हा सुरात आणा. आणि एका तारेचा ताण बदलला की स्प्रिंगांचा तोल बिघडून बाकीच्या पाचही हलतात.

यात ४० मिनिटं गेली. ती सगळी ४० मिनिटं तुम्ही मोबाइलचा टॉर्च धरून ब्रिजवर वाकून उभे होतात. त्या कोपऱ्यातला दिवा पुरत नव्हता आणि स्क्रूचं तोंड दिसत नव्हतं, एवढंच कारण. फ्लॉइड रोझ तुम्ही त्याआधी कधी पाहिलाही नव्हता, पण ‘ही घोडी अशी मागे सरकते होय,’ म्हणत प्रत्येक तारेला तानपुऱ्याशी ताडून मान हलवत होतात. एकदा फक्त हात बदललात. खुर्ची पुढे केली तर म्हणालात, बसलं की उजेड तिरका पडतो. मीटर कधी सुरू झालं होतं, हे बिल बघितल्यावर कळलं: सूर लागल्यानंतर.

काका, तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलंत. तरी आम्हा चौघांच्याही मनात राहिलाय तो हा टॉर्च. ज्या संगीतावर प्रेम करायचं तुम्हाला काहीच कारण नव्हतं, त्याच्या एका स्क्रूवर उजेड नीट पडावा म्हणून तुम्ही पाठ मोडून उभे राहिलात. आधीच्या ठिकाणी एवढी महाग उपकरणं होती, आणि पाच मिनिटं थांबायला एक माणूस तयार नव्हता.

पुढचं सगळं याच रीतीनं झालं. स्नेअर तुम्ही तबल्यासारखा लावून घेतलात. सोळा घरांवर जसं बोट फिरवतात, तसं प्रत्येक बोल्टसमोर काडीनं हलकेच टिचकी, आणि दहाही जागी स्वर एक. रिमशॉटचा (काडी कडेवर आणि कातड्यावर एकदम मारण्याचा) मार ज्या बाजूला पडतो तिथले बोल्ट थ्रॅशच्या वेगात दोन-तीन टेकमध्येच सैल होतात, म्हणून दर टेकनंतर फक्त तेवढेच तपासायचे. ही सवय आता कायमची लागली.

ड्रमच्या वर लावायच्या ओव्हरहेड माइकांसाठी तुम्ही सुतळी वापरलीत. स्नेअरच्या मध्यावर एक टोक धरून दोन्ही माइकांपर्यंत अंतर सारखं केलंत. एका माइकचं अंतर १७ सेंटिमीटरनं जास्त झालं तर आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही ट्रॅक मिसळल्यावर १ किलोहर्ट्झच्या आसपास स्नेअरचा मधल्या पट्टीतला आवाजच नाहीसा होतो. मग लोक तो इक्वलायझरनं शोधत बसतात.

ड्रमच्या वेळा तुम्ही सकाळी ९ ते १ ठेवल्यात, तेव्हा आम्हाला नवल वाटलं होतं. कारण संध्याकाळी कळलं. गणपतीच्या आधीचे दिवस, नदीपात्रात ढोल पथकांचा सराव. ढोलाचा खालचा ठोका भिंतीवरच्या फोमला जुमानत नाही. फोम वरच्या पट्टीतला गुंजारव शोषतो, १०० हर्ट्झच्या खालचं सरळ आत येतं. आणि वर्षभर वाट बघून सराव करणाऱ्या पोरांना गप्प बसा म्हणणं तुमच्या स्वभावात नाही. तुम्ही वेळ बदललीत.

वेगाचंही तसंच. २०० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला २०० मात्रांना, सोळावा नोट (मात्रेचा चौथा भाग) ७५ मिलिसेकंदांचा, म्हणजे डबल बेस (दोन्ही पायांनी वाजवलेला बेस ड्रम) सेकंदाला १३ ठोके टाकतो. खोलीची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा आवाज, त्याहून लांब राहिली की ठोके एकमेकांवर चढून नुसता गडगडाट उरतो. तुमच्याकडच्या सतरंज्या आणि गाद्या ड्रमभोवती उभ्या राहिल्या त्या यासाठी. १९८६ च्या ‘रेन इन ब्लड’मध्ये स्लेयर या थ्रॅश बँडचा आवाज एवढा कोरडा आहे तोही याच गरजेतून, असं आता पटतं. एवढ्या वेगात रिव्हर्बला (घुमाऱ्याला) जागाच नसते.

गिटारी मात्र तुम्ही आमच्या मर्जीवर सोडल्यात, एका अटीवर: रंगमंचावर लावतो त्यापेक्षा गेन एक-तृतीयांश कमी. डावीकडे एक, उजवीकडे एक, दोन्ही वेगवेगळ्या वाजवलेल्या. कॉपी करून सरकवलेली नाही. दोन टेक एकत्र वाजले की डिस्टॉर्शन आपोआप दाट होतं. बरोबरीनं डीआय बॉक्समधून (गिटार अॅम्पशिवाय थेट रेकॉर्डिंगला जोडणाऱ्या पेटीतून) कोरडी गिटारही उतरवून ठेवलीत, उद्या अ‍ॅम्पचा आवाज बदलावासा वाटला तर सोय म्हणून. आणि पाममूटला (तळहात तारांवर टेकवून वाजवताना) तार जोरात छेडली की क्षणभर चढते, म्हणून ट्यूनर लावतानाही हलक्या हातानं छेडू नका, वाजवता त्याच जोरानं छेडा, हे तुम्हीच सांगितलंत.

शब्दांबद्दल तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या कुणाकडून झालं नसतं. मराठीत ओरडायचं म्हणजे ख, फ, भ, ठ या महाप्राणांचा वारा थेट माइकच्या पडद्यावर आदळतो. पॉप फिल्टर चार बोटं पुढे आणि माइक तोंडासमोरून जरा बाजूला कललेला, तेव्हा तो वारा निघून गेला. शिवाय तुम्ही वही घेऊन बसलात आणि जो शब्द कळला नाही त्याच्याखाली रेघ मारलीत. ‘राग कळतोय, कशाचा आलाय ते कळत नाही.’ त्या रेघांवरून तिसऱ्या गाण्याचं अख्खं कडवं पुन्हा गायलं गेलं. गळ्याला ४० मिनिटांवर काम नाही आणि मध्ये कोमट पाणी, हा नियमही तुमचाच.

मिक्सबद्दल थोडंच. बेस गिटार ऐकू आली पाहिजे यावर तुम्ही अडून बसलात. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये मेटॅलिकाची बेस जवळजवळ गायब आहे आणि त्याची चर्चा अजून थांबलेली नाही. आपल्याकडे गिटारी ९० हर्ट्झच्या खाली कापल्या, तिथे बेस आणि किकला (पायानं वाजवायच्या ड्रमला) जागा मिळाली, आणि बेसला मधल्या पट्टीत थोडं डिस्टॉर्शन दिलं, म्हणून ती मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकू येते. मास्टर, म्हणजे शेवटचा तयार ट्रॅक, चेपून भिंतीसारखा करायला तुम्ही नकार दिलात. स्पॉटिफाय सगळ्याच गाण्यांना साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याच्या मापाच्या) आसपास आणून ठेवतं. जास्त दाबलेलं गाणं तिथे मोठं वाजत नाही, फक्त त्याचा ठोका गेलेला असतो.

प्रकाशनाच्या कटकटी, कव्हर, कोड, अर्ज यांबद्दल लिहीत नाही; त्या सगळ्यांच्याच असतात.

शेवटच्या दिवशी तुम्ही न मागता हार्ड डिस्क हातात ठेवलीत. सगळे ट्रॅक सुटे, २४ बिट, शून्यापासून एकाच ठिकाणी सुरू होणारे, म्हणजे जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकले तरी जागेवर बसतील. सोबत तुमच्या अक्षरातली चिठ्ठी: गाण्याचं नाव, लय, पट्टी, तारांची जाडी. ‘तुमचं आहे, तुमच्याकडे असावं.’ हेच ट्रॅक दुसरीकडे आम्ही चार महिने मागत होतो.

चांगुलपणा फार दुर्मिळ आहे असं मात्र आता म्हणवत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या त्या दुकानदारानं महागडी केबल परत घेतली आणि म्हणाला, घरघर केबलची नाही, तुमच्या जागेचं अर्थिंग बघा. आणि काही झालं तरी प्लगची अर्थची पिन काढू नका, जिवाशी खेळ आहे. गल्ल्यात येणारे पैसे त्यानं स्वतःच्या हातानं परत केले. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी दुपारची झोप आठ दिवस पुढे ढकलली आणि एकदाही तक्रार केली नाही. अशी माणसं आपल्या कामाबद्दल बोलत नाहीत, त्यामुळे बोलणाऱ्यांचाच आवाज मोठा वाटतो.

सीडीच्या आतल्या पानावर तुमचं नाव नको म्हणालात. ऐकलं. तिथे फक्त ‘सूर: काका’ असं छापलंय, तेवढं चालवून घ्या. पहिली प्रत रविवारी सकाळी घेऊन येतो.

आणि एक. थंडी पडली, हवा कोरडी झाली, नेक पुन्हा हललाय. काल रात्री बारावा पडदा परत मिळवून घेतला. तानपुरा पांढरी तीनवर होता. टॉर्च या वेळी ड्रमरनं धरला, उभं राहून.

तुमचे,
चौघे जण