भरतीची वेळ पण छापा की!

संपादक साहेब, नमस्कार. गेल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही पुण्याची पाच जणं दिवेआगरला टेंट टाकून राहिलो, रात्री सुरूच्या बनात चांदणं असलं भारी की कोणी झोपलंच नाही. सकाळी पोहे खाऊन श्रीवर्धनच्या दिशेने किनाऱ्या-किनाऱ्याने चालत निघालो. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे समुद्र आणि मधे तो काळा कातळ, सह्याद्रीत इतके ट्रेक केलेत पण हे वेगळंच आहे.

घोळ पुढे झाला. मोबाईलला रेंज नाही, अकराच्या सुमाराला कातळावरून एक टोक पार करायला गेलो तर पाणी बघता बघता गुडघ्याला आलं, खडकाला चिकटलेली कालवं (धारदार शिंपले) लागून माझा पाय कापला ते वेगळंच. वरून एका आजोबांनी हाका मारून परत फिरवलं, म्हणाले अरे पोरांनो तिथीची पाऊणपट करा की, भरतीची वेळ निघते, आज पौर्णिमा म्हणजे पंधरा, भरती सव्वाअकराला आणि वर उधाण! अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी, तेव्हा या. इंजिनिअरिंग करून हे आम्हाला माहीत नाही, काय बोलायचं.

कॅम्पवाल्याने माणशी पैसे मोजून घेतले, बार्बेक्यू कितीला ते तीनदा सांगितलं, भरतीचं एक अक्षर नाही. कॅम्पवर आणि प्रत्येक बीचवर रोजच्या वेळा लिहिलेला साधा फळा लावायला काय जातं? आणि तुम्ही सूर्योदय-सूर्यास्त छापता तिथेच भरती-ओहोटीची एक ओळ टाका ना.

– एक वाचक, पुणे