रविवारच्या वाचनबैठकीची आठवण

सभासदांनो, नमस्कार. या रविवारी संध्याकाळी साडेपाचला, गंगापूर रोडवर नेहमीच्या जागी भेटतोय. पुस्तक आहे न्गी व्हो यांचं ‘द चोझन अँड द ब्यूटिफुल’ (२०२१).

१९२५ सालची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड यांची कादंबरी, ती आपल्याला त्यातलं एक पात्र, निक, सांगतो. इथे तोच १९२२ चा उन्हाळा जॉर्डन बेकर सांगते. मूळ कादंबरीत ती नायिका डेझीची गोल्फ खेळणारी, थोडी तुटक वागणारी मैत्रीण. इथे मात्र ती व्हिएतनाममधून दत्तक आणलेली मुलगी आहे, आणि तिने कात्रीने कापलेला कागद जिवंत होतो! जादू नुसती शोभेला नाही. त्या श्रीमंत घरांत तिला परकं ठरवलं जातं, ते त्यातूनच जास्त टोचतं. ‘ययाति’त देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतः बोलतात, तेव्हा गोष्ट कशी पालटते ते आठवा.

दोन्ही वाचणं जमत नसेल तर निदान मूळ कादंबरीतलं सातवं प्रकरण वाचून याच. त्यात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलच्या खोलीत मोठं भांडण होतं. तिथे जॉर्डनही आहे, पण तिच्या मनात काय चाललंय ते निक सांगत नाही.

शेवट कृपया ग्रुपवर फोडू नका. वाचून झालेली प्रत सोबत आणा, काहीजण अजून थांबलेत.