एरोस्पेसच्या मुलांना खरं काम दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीतला एरोस्पेस अभियांत्रिकीवरचा लेख वाचला. सोबत झेपावणाऱ्या रॉकेटचा फोटो होता आणि मजकूरही बहुतेक त्याच अंगाने गेलेला. विमानाच्या सांगाड्याच्या चाचण्यांत माझी एकवीस वर्षं गेली. नव्याने रुजू झालेल्या मुलांचा पहिल्या दोन-तीन महिन्यांत जो हिरमोड होतो, तो मी जवळून पाहिला आहे. म्हणून हे पत्र.

मुलं आलेली असतात रॉकेट बनवायला, आणि हातात येतो पंखाचा एक तुकडा. तो यंत्रात पकडून दिवसरात्र वर-खाली वाकवायचा. ठरलेल्या फेऱ्या झाल्या की यंत्र थांबवून रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, भोकांभोवती लाल द्रावण लावायचं, ते मुरू द्यायचं, पुसून काढायचं आणि वर पांढरी पूड फवारायची. तडा असेल तर त्या पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ हळूहळू उमटते. आमच्याकडच्या एका मुलीला पहिली रेघ सापडली तेव्हा ती भिंगातून कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. लांबी दोन मिलिमीटरसुद्धा नव्हती. त्या दिवसापासून तिने नोकरी बदलण्याचा विषय काढला नाही.

हे काम दुय्यम नाही. १९५४ साली कॉमेट जातीची दोन जेट विमानं हवेतच फुटली. इंग्लंडमधल्या फार्नबरोला एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या केबिनमधला दाब पुन्हापुन्हा चढवला-उतरवला, तेव्हा कुठे धातूचा थकवा, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून धातूला तडे जाणं, पकडला गेला. १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचं छत भर उड्डाणात फाटलं. त्या विमानाची जवळपास ९० हजार उड्डाणं झाली होती. शेजारशेजारच्या रिव्हेटांपाशी पडलेले बारीक तडे एकमेकांना मिळाले होते.

नोकऱ्यांचं गणितही इथेच आहे. विमानाचा अगदी कोरा आराखडा क्वचितच निघतो, पण एकदा बनलेलं विमान पंचवीस-तीस वर्षं उडतं. तेवढा काळ त्याला तपासणी लागते, दुरुस्ती लागते, प्रत्येक बदलाला प्रमाणपत्र लागतं. सॉफ्टवेअर तपासणारी माणसं तर हवीतच. १९९६ मध्ये एरियान ५ हे युरोपचं रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत भरकटून नष्ट झालं, कारण ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत मावली नाही. खासगी रॉकेट कंपन्या आणि छोटे उपग्रह यांमुळे अंतराळातही कामं वाढली आहेत, ते मी नाकारत नाही.

दुसरी बाजू लेखात आलीच नाही. हा धंदा लाटांचा आहे. अपोलो मोहीम ओसरली तेव्हा हजारो अभियंते घरी बसले. २०२० मध्ये विमानं जमिनीवर आली आणि तेच पुन्हा घडलं. शिवाय अमेरिकेतल्या बहुतेक रॉकेट कंपन्यांत परदेशी नागरिकाला सहसा घेता येत नाही, कारण रॉकेटचं तंत्रज्ञान तिथल्या शस्त्रनिर्यात कायद्याखाली येतं. चार वर्षं शिकून झाल्यावर हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं. त्यांना कुणीतरी प्रवेशाआधीच सांगायला हवं होतं.

मी मुलांना परावृत्त करत नाही. उलट ज्याला वेड आहे त्याने यावंच. फक्त पदार्थविज्ञान, कंपनं, नियंत्रण प्रणाली यांचा पाया पक्का करून यावं. मंदीत माझे दोन सहकारी पवनचक्कीची पाती बनवणाऱ्यांकडे गेले आणि तिथे रमले. पातं काय नि पंख काय, वाऱ्याचं नि थकव्याचं गणित तेच.

एक विनंती आहे. पुढच्या लेखासाठी देखभाल विभागातल्या एखाद्या तरुण अभियंत्याला बोलतं करा. त्याला स्वप्नं विचारू नका. काल सकाळी कामावर आल्यापासून संध्याकाळपर्यंत काय काय केलं, एवढंच विचारा आणि ते जसंच्या तसं छापा.

आपला,
एक निवृत्त चाचणी अभियंता